अकरा ट्यूबांचं पोस्टमॉर्टेम

नाशिक–मालेगाव–नाशिक, 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. वेळ साडेतेरा तास. सकाळी सहाला निघालो होतो, म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या आत परत येऊन कार्डावर शिक्का घ्यायचा. मी पोचलो 7 वाजून 39 मिनिटांनी. टेबलावरच्या माणसाने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

नऊ मिनिटं. पाय चालत होते, पोट ठीक होतं, ऊनही फार नव्हतं. दिवसभरात चार पंक्चर झाली होती आणि चारही मागच्या चाकाला. परतीच्या वाटेवर राहुड घाट संपवून चांदवड मागे टाकलं तोवर माझ्या दोन्ही जादा ट्यूबा संपल्या होत्या. तिसऱ्या पंक्चरला मागून आलेल्या एका अनोळखी रायडरने स्वतःची ट्यूब दिली. चौथं झालं वडाळीभोईच्या अलीकडे. तिथे ट्रकचे टायर काढणारं एक पत्र्याचं दुकान होतं. मालकाने सायकलचा व्हॉल्व्ह बघितला आणि म्हणाला, "साहेब, ही कसली सुई?" त्याच्या कॉम्प्रेसरचं नोजल त्यावर बसेना. पण त्याने टायरच्या आतून बोट फिरवलं आणि दहा सेकंदांत थांबला. नखाने एक केसाएवढी तार ओढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ट्रकच्या टायरची. फुटला की रस्त्याच्या कडेला सगळी हीच पसरते. आमचं पोट ह्याच्यावरच आहे."

ती तार मी कंपासपेटीत घालून घरी आणली.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. चोवीस वर्षं माझं काम एकच: पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला ते शोधायचं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती तार मायक्रोमीटरमध्ये धरली. जाडी 0.22 मिलिमीटर, लांबी 11. शिवायची सुई हिच्यापुढे सळई वाटेल. ट्रकच्या रेडियल टायरात पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फाटला, घासला किंवा त्याचं रिमोल्ड (जुन्या टायरवर नव्याने चढवलेलं रबर) सुटलं की तारांचे तुकडे होतात आणि वाऱ्याने, चाकांनी ढकलले जाऊन रस्त्याच्या कडेच्या पट्टीत साचतात. सायकलवाल्याने जीव वाचवायला चालवायचं तेही त्याच पट्टीतून. आता मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक कमी होणार नव्हते. म्हणजे बदलायचं ते मलाच.

नवे टायर घ्यायचे हे तर नक्की होतं. कॉलेज रोडच्या एका दुकानात गेलो. तिथला मुलगा हुशार आणि मनापासून बोलणारा होता. त्याने सगळ्यात हलका, सगळ्यात मऊ, कापसाच्या धाग्याचा टायर समोर ठेवला. "सर, प्रो लोक हेच वापरतात." टायर खरोखर देखणा होता, हातात घेतला तर रेशमी पदरासारखा घडी होत होता. किंमत ऐकली. तेवढ्यात आमच्या घरच्या स्कूटरचे दोन्ही टायर आले असते आणि वर पेट्रोल. प्रो लोकांच्या मागे गाडी असते, गाडीवर जादा चाकं असतात आणि चाक बदलून देणारा माणूस असतो. माझ्यामागे कांद्याचा ट्रॅक्टर असतो. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि निघालो.

विचार करायला घरी सामान होतं. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालायची आणि जुनी 'कधीतरी पॅच लावू' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायची, ही माझी वाईट सवय. बायको दर दिवाळीला तो ड्रॉवर उघडून दाखवते. चौदा महिन्यांत साधारण 4,800 किलोमीटर झाले होते आणि ड्रॉवरमध्ये अकरा ट्यूबा होत्या. आमच्या कारखान्यात याला रिजेक्शन बिन म्हणतात, आणि भरलेली रिजेक्शन बिन म्हणजे माहितीची खाण. रविवारी दुपारी बादलीत पाणी घेऊन गॅलरीत बसलो.

एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाळली होती, तिचा आता उपयोग झाला. टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायचं. दिसायला बरं असतं म्हणून लोक करतात, पण खरं कारण वेगळं आहे: ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की टायरवर ती जागा नेमकी मोजून काढता येते. प्रत्येक ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला की मार्करने गोल करायचा. मग व्हॉल्व्हपासून अंतर मोजायचं आणि भोक बाहेरच्या बाजूला आहे की आतल्या, हे बघायचं.

सहा ट्यूबांना बाहेरच्या बाजूला टाचणीएवढं भोक. तार. एकीचं भोक जरा मोठं, कडा फाटलेल्या: बाभळीचा काटा, तो मला आठवतही होता, गंगापूर धरणाच्या कच्च्या वाटेवरचा. दोघींना शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. खड्ड्यात आपटल्यावर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली की असं होतं, त्याला तारेची गरज नसते. एकीचं भोक आतल्या बाजूला, बरोबर स्पोकच्या छिद्रावर. रिमवरची पट्टी सरकली होती आणि ट्यूब छिद्रात फुगून कापली गेली होती. अकरावी व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली. ते पाप माझ्या हातपंपाचं, व्हॉल्व्हला आधार न देता खसाखसा पंप मारल्याचं.

म्हणजे या यादीतल्या शेवटच्या दोन पंक्चरांशी टायरचा काही संबंधच नव्हता. जगातला सगळ्यात महाग टायर घातला असता तरी ती झालीच असती.

आणि खरी गंमत पुढे होती. ब्रेव्हेच्या दिवशीच्या पहिल्या दोन ट्यूबा शेजारी ठेवल्या. पहिलीचं भोक व्हॉल्व्हपासून 41 सेंटिमीटरवर. दुसरीचंही 41 वर. तार एकच होती! पहिल्या पंक्चरला मी घाईत ट्यूब बदलली, टायरच्या आत बोट फिरवलं, काही लागलं नाही, आणि तीच तार आत ठेवून दुसरी ट्यूब तिच्यावर बसवली. तिसरी ट्यूब चिरांची. हातपंपाने घाम गाळून कशीबशी 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, एरवी मी 110 भरायचो) हवा भरली होती, त्या मऊ चाकावर खड्डा घेतला. म्हणजे दिवसभराच्या चार पंक्चरांत तारा दोनच. बाकीची दोन माझ्या घाईची. गॅलरीत बसून हे कळल्यावर मी थोडा वेळ बादलीकडे बघत बसलो.

(तार शोधायची युक्ती नंतर एका जुन्या सायकलवाल्याने सांगितली: बोट नको, कापसाचा बोळा घे. टायरच्या आतून कापूस फिरवला की जिथे तार असेल तिथे त्याचे तंतू अडकतात. मग चिमट्याने ओढायची. आता माझ्या सीटखालच्या पिशवीत कापूस आणि चिमटा असतो. चिमटा बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरचा आहे, हे तिला अजून माहीत नाही.)

आता उरल्या पाच वेगळ्या तारा आणि एक काटा. तारांपैकी चार मागच्या चाकात, एक पुढच्या. मागच्या चारपैकी तीन शेवटच्या हजारेक किलोमीटरमधल्या. जुना मागचा टायर कापला आणि मधोमध जाडी मोजली: 2.1 मिलिमीटर. पुढचा, जो कमी झिजतो, तो 2.9. मागचा टायर गोल राहिलाच नव्हता, मधून चपटा झाला होता, रेल्वेच्या रुळासारखा. हे डोळ्यांनी दिसत होतं, पण रोज बघितलेल्या गोष्टी दिसत नाहीत. 11 मिलिमीटरच्या तारेला 2.9 काय आणि 2.1 काय, दोन्ही पार करता येतात. पण तार काही उभी राहून वाट बघत नाही. ती आडवी चिकटते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत ढकलली जाते. जाड रबर आणि त्याखालचा घट्ट विणीचा पट्टा तिला तेवढ्या वेळात वाकवतो, नाहीतर बाहेर टाकतो.

तर मला काय हवंय ते आता लिहिता आलं. मागे: मधल्या भागात चांगला संरक्षक पट्टा, टिकाऊ रबर, वेग थोडा कमी चालेल. पुढे: पकड. मागचं चाक घसरलं तर माणूस बहुतेक वेळा सावरतो, पुढचं घसरलं तर कळायच्या आत जमिनीवर असतो. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांचा मला पुरेसा अनुभव आहे. कोपराला खूण आहे.

मग आकड्यांचा अभ्यास सुरू केला. टायरची सगळ्यात जास्त चर्चा होते ती घरंगळण्याच्या विरोधाची. रबर रस्त्याला टेकलं की दबतं, सुटलं की परत फुगतं. दबताना जेवढी शक्ती घेतली तेवढी सगळी परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. पातळ, लवचीक टायर कमी खातो, जाड आणि ताठ जास्त. सगळ्यात वेगवान आणि खूप संरक्षण असलेला, अशा दोन टायरांमध्ये हा फरक जवळपास दुपटीचा असू शकतो. दोन्ही टायर मिळून वीसएक वॅट. माझ्यासारखा माणूस दिवसभर सव्वाशे-दीडशे वॅटवर चालवतो, त्याला वीस वॅट म्हणजे चेष्टा नाही. पण ह्या चाचण्या होतात गोल फिरणाऱ्या पोलादी ड्रमवर. ड्रमवर ट्रकच्या तारा नसतात. एक पंक्चर म्हणजे माझे सरासरी बावीस मिनिटं (होय, तेही लिहून ठेवलं होतं). 200 किलोमीटरमध्ये वीस वॅटने जेवढं मिळतं ते दीड पंक्चरात परत जातं.

दुसरा आकडा टीपीआयचा, एका इंचात किती धागे. जास्त धागे म्हणजे बारीक, लवचीक टायर, हे बरोबर. पण मोजायची पद्धत बघा. कॉन्टिनेन्टल कंपनी आपल्या ग्रां प्री 5000 या टायरवर 330 लिहिते. ते 110 धाग्यांचे तीन थर आहेत, बेरीज केलेली. दुसरी कंपनी एकाच थराचे धागे लिहिते. कारखान्यात मी असा रिपोर्ट दिला असता तर साहेबांनी मला बोलावून विचारलं असतं की, तीन माणसांची उंची मिळवून सोळा फुटांचा माणूस दाखवतोयस काय? टायर वाईट नाही, उत्तमच आहे. पण दोन कंपन्यांचे टीपीआय शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नये.

शेजारच्या काकांनी एकदा नवीन टायर हातात घेऊन विचारलं होतं, "अरे, ह्याला नक्षीच नाही. घसरणार नाही का पावसात?" मोटारीला नक्षी लागते कारण रुंद टायरखाली वेगात पाणी अडकतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. सायकलचा टायर अरुंद, कमानीसारखा गोल आणि हवेने टणक, तो पाणी बाजूला कापत जातो. आपल्या वेगात तरंगण्याचा प्रश्न येत नाही. पकड रबराच्या मिश्रणातून येते. काकांना पटलं नाही. त्यांनी आयुष्यभर काळी सायकल चालवली आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

काळ्या सायकलीवरून आठवलं. रुंद टायर घ्यावा असं डोक्यात आलं होतं, 25 ऐवजी 28. मेन रोडजवळच्या एका जुन्या दुकानात फोन केला, "28 चा टायर आहे का?" "आहे ना, या." गेलो. त्यांनी वरच्या फळीवरून धूळ झटकून 28 × 1½ चा टायर काढला, दूधवाल्याच्या सायकलीचा. चूक त्यांची नव्हती. त्यांचे 28 इंच होते, माझे 28 मिलिमीटर. त्यात आणखी घोळ असा की, त्या 28 इंची टायरचा रिमवर बसण्याचा व्यास 635 मिलिमीटर, जुन्या 27 इंची रेसिंग सायकलीचा 630 आणि माझ्या सायकलीच्या 700सी मापाचा, ज्याला लोक 28 इंचीच म्हणतात, 622. म्हणजे 27 हा 28 पेक्षा मोठा. खरं बोलणारा आकडा एकच, टायरच्या कडेला बारीक अक्षरात असतो: 25-622, 28-622. पहिला रुंदी, दुसरा व्यास. तेवढाच बघावा.

28 मिलिमीटरचा शेवटी ऑनलाइन मागवला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. मागवण्याआधी जागा मोजली होती. माझी सायकल रिम ब्रेकची, जुन्या पिढीची, म्हणजे ब्रेक टायरच्या वरून येऊन रिमला पकडतो. टायरच्या माथ्यावर आणि ब्रेकच्या पोटाखाली किती फट आहे ते मोजायला व्हर्नियर आत जात नाही, म्हणून ड्रिल बिटांचा डबा काढला. 5 मिलिमीटरचा बिट सरकत होता, 5.5 चा अडकत होता. 25 चा टायर प्रत्यक्षात 25.6 भरत होता. 28 चा आला तर उंची अडीच मिलिमीटरने वाढेल, अडीच उरतील. कमी आहे, पण चालेल असं स्वतःला सांगितलं. पहिल्या दिवशी हवा भरून मोजला: 28.9. दोन दिवसांनी, टायर ताणून बसल्यावर: 29.8.

29.8! आमच्याकडे 28 चा म्हणून 29.8 चा पार्ट गेला असता तर ग्राहकाने पुण्याहून गाडी करून येऊन तो माझ्या टेबलावर ठेवला असता.

आता 1 चा बिट जात होता, 1.5 चा नाही. तरी हट्टाने चक्कर मारायला गेलो. मखमलाबादच्या पुढे ओल्या रस्त्यावर टायरला बारीक खडी चिकटली आणि ब्रेकखालून खर्र, खर्र आवाज सुरू झाला, कोणी पाटीवर नख ओढावं तसा. परत करता येईना, कारण एकदा चढवलेला टायर ते घेत नाहीत. डिस्क ब्रेकवाल्या एका मित्राने अर्ध्या किमतीत घेतला. त्याच्या फ्रेममध्ये 32 पर्यंत जागा आहे, तो खूश आहे.

ट्यूबलेसचाही, म्हणजे आत ट्यूबच नसलेल्या टायरचाही, विचार करून झाला. माझी रिम त्या बनावटीची नाही, नवी चाकं घ्यावी लागली असती आणि आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं. विषय संपला.

म्हणजे 25 वरच यायचं. शेवटी घेतले ते असे: पुढे कॉन्टिनेन्टलचा ग्रां प्री 5000, मागे त्याच कंपनीचा ग्रां प्री फोर-सीझन. मागच्यात व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत धाग्याचे दोन पट्टे आहेत आणि कडांना जाळीसारखं संरक्षक कापड. लांब पल्ल्याचे लोक हा टायर बरीच वर्षं वापरतात. त्यांचाच गेटरस्किन हा टायरही हातात घेतला होता, तो आणखी दणकट, पण ओल्या रस्त्यावर त्याच्यावरून घसरलेली दोन माणसं मी ओळखतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं: पुढचा 221 ग्रॅम, मागचा 243, आणि सायकलबरोबर आलेला जुना, कडेत तार असलेला, 340. दोन वेगळे टायर लावल्याचं दुकानातल्या त्या मुलाला सांगितलं तर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या आहेत.

यातला तोटा मला माहीत आहे. सरसकट नियम असा की, नवा टायर नेहमी पुढे घालायचा आणि पुढचा अर्धा वापरलेला मागे टाकायचा. म्हणजे पुढे कायम ताजी पकड राहते आणि पैसेही वसूल होतात. दोन जातीचे टायर लावले की ही अदलाबदल बंद. वर्षाला काही शे रुपये जास्त जातील. मान्य केलं.

चढवणं हा स्वतंत्र अध्याय. कॉन्टिनेन्टलचे नवे टायर घट्ट असतात असं ऐकलं होतं. ऐकलेलं कमी होतं. पहिली बाजू सहज बसली. ट्यूबला पावडर लावून, चिमूटभर हवा भरून आत घातली. दुसरी बाजू तीन चतुर्थांश बसली आणि शेवटचं वीतभर अंतर हलेना. इथेच लोक लिव्हर घालतात आणि नव्या ट्यूबला भोक पाडतात. मीही मागे एकदा पाडलं आहे. मे महिना होता. चाक उचलून गच्चीवर उन्हात ठेवलं आणि चहा घेतला. अर्ध्या तासाने टायर जरा ढिला झाला. मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत, दोन्ही हातांनी पुरणपोळी लाटताना कड सारतात तसं सैल अंतर व्हॉल्व्हकडे आणलं. शेवटचा भाग नेहमी व्हॉल्व्हपाशीच यायला हवा, आणि आधी व्हॉल्व्ह वर दाबायचा म्हणजे ट्यूब कडेखाली अडकत नाही. तळहाताच्या मागच्या उंचवट्याने शेवटचं ढकललं आणि 'टप्प' आवाज झाला. उजव्या अंगठ्याला दुसऱ्या दिवशीही मायक्रोमीटर धरवत नव्हता. रिमची जुनी सरकलेली पट्टी काढून आधीच कापडी चिकटपट्टी लावली होती. तिची किंमत सगळ्या खर्चात सगळ्यात कमी.

मग हवेचा प्रश्न. इतकी वर्षं मी 110 पीएसआय भरत आलो. अंगठ्याने दाबल्यावर दगड लागला पाहिजे, हीच समजूत. टायरच्या कडेवर 120 लिहिलेलं असतं, पण ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. माझा भार किती आणि कुठे, हे आधी मोजलं. पुढच्या चाकाखाली वजनकाटा, मागच्याखाली त्याच उंचीची फळी, मी सायकलवर बसून भिंतीला खांदा टेकवलेला. लेक काटा वाचायला.

"बाबा, तू हलतोयस."

"श्वास तरी घेऊ का?"

"आकडा लिहून होईपर्यंत नको."

पुढे 35 किलो, मागे 49. दोन्ही चाकांवर सारखा भार नाही, तर सारखी हवा कशाला? खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खडीवरून उडतो आणि सायकलसकट माणसाला वर फेकतो, तीही आपणच घातलेली शक्ती असते. ड्रमवर हे दिसत नाही, कारण ड्रमवर माणूस बसलेला नसतो.

खात्री करायला गंगापूर धरणाच्या वाटेवर एक छोटा, सरळ उतार शोधला. पहाटे वारा नसताना गेलो. एका खुणेच्या दगडापासून पॅडल न मारता सोडायचं, सारखंच वाकून बसायचं आणि सायकल जिथे थांबेल तिथे खडूने रेघ. प्रत्येक हवेला पाच वेळा. 110 ला पाचही रेघा मोरीच्या अलीकडे. 95 ला दोन मोरीच्या पुढे. पुढे 75 आणि मागे 84 केल्यावर पाचही पुढे, सरासरी नऊ मीटर जास्त. एकाच हवेच्या पाच रेघांमध्येही सहा मीटरपर्यंत फरक होता, त्यामुळे मी ह्याला सिद्धता म्हणणार नाही. पण निदान कमी हवेने सायकल मंदावत नाही एवढं माझं मला पटलं, आणि घरी येताना मनगटं दुखत नव्हती. दूध घालायला निघालेला एक माणूस पाच-सहा फेऱ्या बघून थांबला. "काय हरवलंय का?"

सप्टेंबरमध्ये एकटाच परत मालेगावला जाऊन आलो. शिक्का नाही, टेबल नाही, फक्त तोच रस्ता. पिंपळगावच्या टोलनाक्यापासून चांदवडपर्यंत कडेची पट्टी पूर्वीसारखीच काळ्या चिंध्यांनी भरलेली. आता त्या दिसल्या की मी जरा आत सरकतो आणि दर चहाला थांबलो की दोन्ही टायरवरून ओला फडका फिरवतो. उमराण्याला चहा पिताना मागच्या टायरवर फडका अडकला. चमकणारा एक कण. चिमट्याने ओढला तर 7 मिलिमीटरची तार, आडवी झालेली, रबरात रुतलेली, आत पोचलेली नव्हती. टायर टणकच होता. ती तार पहिल्या तारेशेजारी कंपासपेटीत गेली.

अकरा तास पन्नास मिनिटं. पंक्चर शून्य.

आतापर्यंत नव्या टायरवर 2,300 किलोमीटर झाले आहेत. दोन पंक्चर. एक काट्याचं, पुढच्या टायरला, आमच्याच सोसायटीच्या गेटसमोर, कुंपणाची बोगनवेल छाटली होती त्या दिवशी. दुसरं चिरांचं, अंधारात न दिसलेल्या खड्ड्यात. दोन्ही ट्यूबांवर तारीख आणि अंतर लिहून त्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. बाकीच्यांना पॅच लावून झाले, बायकोने पाहिलं, काही बोलली नाही. कॉन्टिनेन्टलच्या बऱ्याच टायरांवर झीज बघायला दोन बारीक खड्डे दिलेले असतात, ते बुजले की टायर बदलायचा. मागचे अजून दिसतात, पण उथळ झालेत.

नोव्हेंबरमध्ये 300 ची ब्रेव्हे आहे, वीस तास. परवा सहज पुढच्या फोर्कमध्ये ड्रिल बिट घालून बघितला. 6 चा जातो. म्हणजे पुढे खरा 28 मिलिमीटर भरणारा टायर बसू शकेल, मागे नाही. कुठल्या कंपनीचा 28 खरोखर 28 भरतो ते शोधतोय. ड्रिल बिटांचा डबा अजून जेवणाच्या टेबलावरच आहे.